तुमचे प्रश्न : आधी मीटर, मग डॅशबोर्ड

मागच्या अंकात कंपन्यांनी वीज, डिझेल आणि कचऱ्याचा हिशोब कसा ठेवावा यावर थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की या कामात आयटीवाल्यांनी पुढे यायला पाहिजे, नुसतं पर्यावरण विभागावर सोडून चालणार नाही. त्यावर खूप मेल आले, काही रागावलेले पण होते. माझी बरीच वर्षं कारखान्यांच्या आयटीत गेली आणि त्यातली अलीकडची वर्षं तर फक्त ऊर्जेच्या डेटात, त्यामुळे हा विषय माझ्या खूप जवळचा आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतोय.

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीत आयटी मॅनेजर आहे. वरून सांगितलंय की सस्टेनेबिलिटीचं सॉफ्टवेअर घ्या. तीन डेमो बघून झाले, तिन्ही छान वाटतात. निवडायचं कसं?

आत्ता निवडूच नका, दोन महिने थांबा. डेमोत जे सुंदर ग्राफ दिसतात ते व्हेंडरच्या डेटावर असतात. तुमचा डेटा कुठून येणार हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी असतं काय, तर महिन्याला एक वीजबिल, स्टोअरमधे डिझेलच्या पावत्यांची फाईल, आणि भंगार गेलं की गेटपासवर लिहिलेलं वजन. एवढ्यावर कितीही भारी डॅशबोर्ड बसवला तरी महिन्याला एकच ठिपका दिसणार, आणि एका ठिपक्यावरून कोणाला काय सुधारता येणार सांगा.

म्हणून पहिला खर्च मीटरवर करा. मेन इनकमरला, म्हणजे बाहेरून वीज आत येते तिथे, एक, आणि मग जिथे वीज जास्त जाते तिथे सबमीटर, म्हणजे कॉम्प्रेसर, चिलर, भट्टी, एसी, सर्व्हर रूम. आठ-दहा मीटरमधे बऱ्याच प्लांटचं चित्र कळतं. हल्लीच्या बहुतेक डिजिटल मीटरला मॉडबस, म्हणजे रीडिंग केबलवरून बाहेर पाठवायची सोय असते, एक छोटा गेटवे (मीटर आणि नेटवर्क जोडणारा डबा) लावला की दर १५ मिनिटांनी रीडिंग डेटाबेसमधे येतं, हे काम तुमच्या टीमला नक्की जमेल. कदाचित मीटर आधीच बसवलेले पण असतील, फक्त केबल कोणी जोडलेली नसेल, हे मी दोनदा बघितलंय.

आता एक अनुभव सांगतो. एका प्लांटमधे आम्ही असं रीडिंग पहिल्यांदा सुरू केलं आणि रविवारचा ग्राफ काढला. पहाटे ३ वाजता आत सिक्युरिटीशिवाय कोणी नाही, मशीन बंद, मला वाटलेलं रेष अगदी तळाला गेलेली दिसेल, पण ती कामाच्या दिवसाच्या जवळपास एक तृतीयांशावर सपाट चाललेली. मीटर चुकला असं सगळे म्हणाले, तपासला तर मीटर बरोबर होता. मग पुढच्या रविवारी मेंटेनन्सचे फोरमन आणि मी शॉपफ्लोरवर गेलो. एरवी मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, त्या दिवशी शांततेत दाराशी उभं राहिलं तरी सूंऽऽ असा आवाज येत होता, एका ठिकाणाहून नाही तर चारी बाजूंनी. हवेच्या लाईनची गळती! होज क्लॅम्प, कपलिंग, कोणीतरी काढून टाकलेल्या मशीनचा अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह. ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रभर चालू होता. फोरमननी साबणाचं पाणी आणि खडू घेतला आणि जिथे बुडबुडे आले तिथे खुणा करत गेले, दुपारपर्यंत शेडभर पांढऱ्या खुणाच खुणा.

यात नवल काही नाही, देखभाल ढिली असलेल्या प्लांटमधे कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा नुसती गळतीत जाते हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. ७ बारच्या लाईनला ३ मिलिमीटरचं एक भोक म्हणजे साधारण ३ ते ४ किलोवॅट, दिवसरात्र. आणि गळती बंद झाली की प्रेशर पण थोडं उतरवता येतं, त्या दाबाला १ बार कमी केला की कॉम्प्रेसरची सुमारे ७ टक्के वीज वाचते. फॅन आणि पंपांचं पण तसंच, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग २० टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते.

पण खरी गोष्ट पुढची आहे. सहा महिन्यांनी तीच रेष हळूहळू परत वर आली, कारण गळती हा एकदा बरा होऊन जाणारा आजार नाहीये. तेव्हा आम्ही एक साधा नियम टाकला, रविवारच्या पहाटेचा आकडा ठरलेल्या पातळीच्या वर गेला की सोमवारी सकाळी मेंटेनन्सच्या कामाच्या यादीत आपोआप एक काम उघडणार आणि त्यावर एका माणसाचं नाव असणार. माझ्या मते आयटी या कामात काय करू शकतं याचं उत्तर हेच आहे, आकडा वेळेवर आणायचा आणि तो ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यापर्यंत पोचवायचा. तुमचे तिन्ही डेमो याच कसोटीवर घासून बघा. कच्चा डेटा बाहेर काढता येतो का, गणित कसं केलं ते उघडून बघता येतं का, तुमच्या ईआरपीशी (खरेदी, स्टोअर, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी) आणि मेंटेनन्सच्या सिस्टिमशी बोलतं का. ग्राफचे रंग सगळ्यात शेवटी बघा.

प्रश्न : मी अकाउंट्समधे आहे. आता कार्बनचा हिशोब पण माझ्याकडेच आलाय. स्कोप एक, दोन, तीन वाचून डोकं भणभणतं. मी सगळं एक्सेलमधे करते, ते चुकीचं आहे का?

अजिबात चुकीचं नाही ताई, आणि अकाउंट्सच्या माणसाकडे हे काम आलं याचा मला तर आनंदच झाला, कारण व्हाउचरशिवाय आकडा घ्यायचा नाही ही सवय तुमच्याकडे आधीपासून आहे आणि या क्षेत्रात नेमकी तीच कमी पडते.

स्कोपची विभागणी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजायच्या जागतिक नियमावलीतून आलीय, २००१ साली त्याचं पहिलं कॉर्पोरेट मानक निघालं. सोपं करून सांगायचं तर स्कोप एक म्हणजे तुमच्या स्वतःच्या हद्दीत आणि गाड्यांत जे जळलं किंवा गळलं ते, स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेली वीज किंवा वाफ, ती दुसऱ्याने कुठेतरी जाळून तयार केली म्हणून वेगळी, आणि स्कोप तीन म्हणजे बाकी सगळं, कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचं येणंजाणं, विमान प्रवास, विकलेला माल पुढे वापरताना जे होतं ते, असे १५ प्रकार आहेत.

एक्सेलमधे फक्त काही गोष्टी सांभाळा. उत्सर्जनाचे गुणक, म्हणजे एक लिटर डिझेलला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वगैरे, हे फॉर्म्युल्याच्या आत टाईप करू नका, वेगळ्या शीटवर ठेवा, शेजारी वर्ष आणि कुठून घेतलं ते लिहा. विजेचा गुणक दरवर्षी बदलतो, आणि मागच्या वर्षीच्या फाईलवर या वर्षीचा गुणक चुकून बसला तर वीज तेवढीच वापरूनसुद्धा कार्बन कमी झाल्यासारखा दिसतो. प्रत्येक आकड्याशेजारी एक कॉलम ठेवा, मोजलेला की अंदाजे. आणि युनिट! लिटर की किलो, किलोवॅट की किलोवॅट-तास. मी बघितलेल्या मोठ्या चुकांपैकी बहुतेक याच होत्या, त्यात अवघड विज्ञान काही नव्हतं.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात ती म्हणजे एसीचा गॅस. मेंटेनन्सवाला येतो, गॅस भरतो, बिल दुरुस्ती खर्चात जातं आणि कार्बनच्या शीटला पत्ताच लागत नाही. आर-४१०ए हा गॅस हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापवतो. म्हणजे वर्षात ५ किलो गॅस परत भरावा लागला तर जवळपास १० टन झाले, साडेतीन हजार लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळल्यासारखं. तुमच्याकडे बिलं आहेतच, दुरुस्तीच्या लेजरमधे शोधा, नक्की सापडेल. आणि एकाच एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतोय असं दिसलं तर ती गळती आहे, ते मेंटेनन्सला लगेच सांगा.

एक्सेल कधी सोडायचं? जेव्हा पाच-सहा ठिकाणांहून फाईली येतात, 'फायनल', 'फायनल२', 'नक्की फायनल' अशा, आणि ऑडिटर विचारतो की हा आकडा कोणी कधी बदलला आणि ते सांगता येत नाही, तेव्हा. आणि स्कोप तीनबद्दल एक सावध करतो. बरीच सॉफ्टवेअर खर्चाच्या रकमेला सरासरी गुणकाने गुणून उत्तर देतात. कुठे खोदायचं हे कळायला ते ठीक आहे, पण त्यावर सुधारणा मोजू नका, कारण उद्या तुम्ही थोडं महाग पण कमी कार्बनचं स्टील घेतलंत तर त्या पद्धतीत तुमचा आकडा वाढतो. जे चार-पाच मोठे पुरवठादार आहेत त्यांच्याकडून खरा आकडा मिळवा, बाकी अंदाज चालेल.

प्रश्न : आम्ही सगळे सर्व्हर क्लाउडवर नेले. अहवालात लिहिलं की वीज कमी झाली. पण वीज तर दुसरीकडे जळतेय ना?

तुमची शंका रास्त आहे. हिशोबाच्या भाषेत ती वीज तुमच्या स्कोप दोनमधून निघाली आणि त्याचं उत्सर्जन स्कोप तीनमधे गेलं, त्यामुळे नुसतं स्कोप दोन कमी झालं म्हणून पाठ थोपटून घेऊ नये. तरी खरी बचत पण बऱ्याचदा होते. डेटा सेंटरमधे पीयूई नावाचं माप वापरतात, एकूण वीज भागिले फक्त संगणकांना गेलेली वीज. जगातली सरासरी गेली काही वर्षं दीडच्या थोडी वर अडकलीय, मोठे क्लाउडवाले १.१ च्या आसपास आहेत, आणि ऑफिसच्या कोपऱ्यातल्या सर्व्हर रूममधे हा आकडा २ च्या वर गेलेला मी स्वतः मोजलाय. (सर्व्हर रूम उरलेली असेल तर आत जाऊन थर्मामीटर बघा. ॲशरे या एसी-कूलिंगच्या इंजिनिअरांच्या संघटनेची शिफारस १८ ते २७ अंश आहे आणि लोक अजून १८ ला ठेवून आत स्वेटर घालून बसतात.)

मात्र क्लाउडवर गेल्यावर वेगळंच दुखणं सुरू होतं. मशीन डोळ्यांसमोर नसतं, त्यामुळे कोणी बंदच करत नाही. टेस्टिंगची मशीन आठवड्याचे १६८ तास चालू, आणि टीम वापरते आठवड्याला ५० तास. शेड्यूल लावून रात्री आणि सुट्टीला बंद केलं तर ७० टक्के वेळ ती बंद राहतील, आणि बिलात पण लगेच दिसेल. हे एका दुपारचं काम आहे, या आठवड्यात कराच.

प्रश्न : आमच्याकडे 'जुने ईमेल डिलीट करा, पृथ्वी वाचवा' मोहीम सुरू झालीय. खरंच फरक पडतो का?

फारच थोडा. पडून असलेल्या मेलला वीज अगदी नगण्य लागते, आणि मेल शोधून शोधून उडवायला तासभर स्क्रीन चालू ठेवली तर बचत कदाचित तिथेच संपेल. लोकांचा उत्साह ही फार मोलाची गोष्ट आहे, तो अशा कामात खर्च करू नका. त्याच लोकांना सांगा की संध्याकाळी जाताना आपल्या मजल्यावर काय काय चालू राहतं त्याची यादी करा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. सगळे म्हणतात एआय पर्यावरणाला मदत करेल, पण एआयच एवढी वीज खातो. मग हे पटायचं कसं?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तू दोन्ही डोक्यात एकदम ठेवायला शिक असं मी म्हणेन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मधे जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होऊन ९४५ च्या घरात जाईल असं तिचं म्हणणं आहे. यात एआय सोडून बाकीचं काम पण आलं, पण वाढीचं मोठं कारण एआयच. गूगलने स्वतःच्या अहवालात मान्य केलंय की २०१९ ते २०२३ मधे त्यांचं उत्सर्जन ४८ टक्के वाढलं, डेटा सेंटरची वीज आणि पुरवठा साखळी यामुळे.

दुसऱ्या बाजूला त्याच गूगलमधे २०१६ साली डीपमाइंड या त्यांच्याच एआय कंपनीच्या प्रणालीने डेटा सेंटरच्या कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. ते जमलं कशामुळे ते बघ, तिथे हजारो सेन्सर आधीपासून होते, वर्षानुवर्षांचा डेटा साठलेला होता, आणि मॉडेलने सांगितलं की पंपाचा वेग खरोखर बदलला जात होता. म्हणजे परत तेच, आधी मीटर. ज्या प्लांटमधे चिलरला सेन्सरच नाही तिथे एआय काय शिकणार!

आणि सगळ्याला एआय लागतो असंही नाही. पार्सल पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीने अमेरिकेत रस्ते ठरवायचं सॉफ्टवेअर केलं, तिथे वाहनं उजवीकडून चालतात म्हणून समोरचा ट्रॅफिक ओलांडून डावीकडे वळायला थांबावं लागतं, तर शक्य तिथे डावं वळण टाळायचं हे त्यांचं जुनं धोरण. बरंचसं काम गणिताचं आणि नकाशांचं होतं, पण कंपनी सांगते की त्यातून वर्षाला सुमारे १० कोटी मैल वाचतात.

एक धोका मात्र लक्षात ठेव. १८६५ मधे जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तर कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला, कारण इंजिन वापरणं परवडायला लागलं. सॉफ्टवेअरचं अगदी तसंच होतंय. म्हणून प्रोजेक्ट करताना प्रति कामाची वीज आणि एकूण वीज असे दोन्ही आकडे लिहायची सवय आत्तापासून लाव. आणि लहान मॉडेलने काम भागत असेल तर लहानच वापर, यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : मी खरेदी विभागात आहे. दर तीन वर्षांनी सगळे लॅपटॉप बदलायचं धोरण आहे. नवीन मॉडेल वीज कमी खातात म्हणून ते पर्यावरणाला चांगलं असं सांगतात.

लॅपटॉपच्या बाबतीत हे पटणारं नाही. लॅपटॉप मुळातच वीज कमी खातो, त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी मोठा हिस्सा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो, चिप, स्क्रीन, बॅटरी यात. त्यामुळे तीनाऐवजी पाच वर्षं वापरणं हीच सगळ्यात मोठी बचत. बॅटरी बदला, रॅम वाढवा, जिथे एसएसडी नाही तिथे टाका. आयटीने प्रत्येक मशीनची बॅटरी हेल्थ आणि तक्रारी यांचा रेकॉर्ड ठेवला तर तारखेऐवजी मशीनची अवस्था बघून ठरवता येईल, दहातली दोन बदलायची वेळ येईल, दहाच्या दहा नाही.

२०२२ मधे जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा हा आकडा आहे. उरलेल्यातला किती कोणाच्या अंगणात जाळला जातो आणि कोणाच्या मुलांच्या छातीत जातो हे आठवलं की मला नवीन खोक्यांचा ढीग बघवत नाही. बऱ्याच कंपन्या जुनी मशीन कोणाला देत नाहीत कारण डेटाची भीती, आणि मग ड्राईव्ह फोडून टाकतात. डिस्क सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड ठेवली तर शेवटी किल्ली नष्ट केली की डेटा वाचता येत नाही, नियमाप्रमाणे पुसल्याचा दाखला घ्या आणि मशीन पुढे वापरायला द्या. सर्व्हरचं गणित थोडं वेगळं आहे, तो दिवसरात्र चालतो, तिथे जुना काढून एका नव्यावर चार-पाच जुन्यांचं काम बसत असेल तर बदलणं योग्य ठरू शकतं, पण मोजून.

प्रश्न : आमचं छोटं वर्कशॉप आहे, वीस-बावीस माणसं. मोठे ग्राहक आता कार्बनचा फॉर्म पाठवतात, प्रत्येकाचा वेगळा पोर्टल, वेगळे प्रश्न. दिवसभर काम करायचं की फॉर्म भरायचे? चुकीचं भरलं तर ऑर्डर जाईल अशी भीती वाटते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा त्रास खरा आहे आणि तो तुमचा दोष नाही. मोठ्या कंपन्यांना त्यांच्या स्कोप तीनचा आकडा हवा असतो आणि तो जमवायचं ओझं खाली खाली ढकललं जातं, शेवटी ज्याच्याकडे आयटी विभागच नाही त्याच्या टेबलावर येऊन पडतं.

तुम्ही एकच शीट करा. १२ ओळी, महिन्याला एक. कॉलम : विजेची युनिट, डिझेल लिटर, गॅस किलो, भरलेला एसी गॅस असेल तर तो, विकलेलं भंगार किलो, आणि त्या महिन्यात किती किलो माल बाहेर गेला. बिलांचे मोबाईलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमधे टाका, तेवढाच पुरावा पुरतो. महिन्याला अर्धा तास जाईल. फॉर्म कोणाचाही येऊ दे, त्यातल्या मुख्य प्रश्नांची उत्तरं याच शीटमधून निघतात. जे मोजलेलं नाही तिथे स्पष्ट लिहा, 'मोजलेलं नाही'. आकडा रचून भरू नका, प्रामाणिक रिकामी जागा कोणताही शहाणा ऑडिटर समजून घेतो. आणि ग्राहकाला मेल करून विचारा की आमची ही शीट जशीच्या तशी चालेल का. निदान विचारा तरी, मी मोठ्या कंपनीच्या बाजूला बसलो होतो तेव्हा अशी शीट पाठवणारे पुरवठादार आम्हाला हवे होते, कारण पोर्टलमधे येणारे बरेचसे आकडे शून्यं चुकलेले असायचे.

मोठ्या कंपन्यांत हे पोर्टल बनवणारे जे आयटीवाले हे वाचतायत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, फॉर्ममधे युनिट निवडायची सोय द्या, फाईल अपलोड करायची सोय द्या, मागच्या वर्षीची उत्तरं आधीच भरून दाखवा, आणि कार्बनचं गणित त्या माणसाला करायला लावू नका, तो लिटर सांगेल, गुणाकार तुमच्या सर्व्हरने करावा.

आणि दादा, त्या शीटमधे शेवटी एक कॉलम स्वतःसाठी टाका, विजेची युनिट भागिले बाहेर गेलेला किलो माल. तो आकडा भिंतीवर लावा. ज्या महिन्यात तो अचानक वर जाईल त्या महिन्याच्या सुट्टीच्या दिवशी, सगळं बंद असताना, कॉम्प्रेसर सुरू करून पाच मिनिटं शेडमधे उभे राहा. काही ऐकू आलं तर मला लिहा.